मत मागायला आलेली बाई

मुलीचा फोन आला तेव्हा मी दुबईत, जबल अलीच्या गोदामांमधल्या रस्त्यावर ऑफिसची गाडी बाजूला घेऊन बसलो होतो. मे महिन्यातली दुपार सरत आली होती. हवेत बारीक धूळ तरंगत होती. समोरचे कंटेनर, त्यामागच्या क्रेन आणि त्याही मागचं आकाश, सगळं एकाच फिकट रंगात विरघळून गेलं होतं. अशा हवेत माणसाला जागेपणीच थोडी झोप लागते. एसीचा झोत तोंडावर घेत मी डोळे मिटून घेतले होते. फोनमधून तिचा आवाज आला आणि तिच्या मागून पावसाचा.

"बाबा, काल एक बाई दारात आली होती. तिने माझं मत मागितलं."

"कशाबद्दल?"

"म्हणजे?"

"मत कशाबद्दल मागितलं?"

ती हसायला लागली. "अरे मत, बाबा. वोट! लोकल इलेक्शन आहे इकडे."

माझी मुलगी आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात फिजिओथेरपिस्ट आहे. शिकायला गेली, तिथेच हॉस्पिटलात नोकरी लागली, आणि आता नदीकाठच्या एका गल्लीत दोन मैत्रिणींबरोबर घर घेऊन राहते. जन्म दुबईचा, शाळा दुबईची, पासपोर्ट भारताचा. घरात आम्ही मराठी बोलतो, ती अर्ध्याहून जास्त उत्तरं इंग्रजीत देते. मत हा शब्द तिने या अर्थाने पहिल्यांदाच वापरला असावा.

"तू सांगितलंस ना तिला, मी इंडियन आहे म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलं. शी सेड, सो व्हॉट? तू इथे राहतेस ना?"

मग तिने मला समजावून सांगितलं. तिथे देशाच्या संसदेसाठी परक्यांना मत नाही. पण गावच्या कौन्सिलसाठी आहे. रस्ते, दिवे, बागा, वाचनालय कुणी बघायचं ते ठरवताना गावात राहणाऱ्या सगळ्यांना विचारतात. पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत. यादीत नाव घातलं की झालं. तिने ते घातलंही होतं.

मी ताठ बसलो. झोप उडाली.

"नाव घातलंस? आम्हाला न विचारता? कशावर सही केलीस? हे बघ, उद्या व्हिसाचं काही झालं तर? या राजकारणाच्या भानगडीत पडायचं नाही. काम करायचं, घरी यायचं."

"बाबा, रिलॅक्स. इट्स लीगल."

"असेल लीगल. पण आपण कशाला?"

मग ती हळूच म्हणाली, "आपण म्हणजे कोण, बाबा?"

आणि तिने फोन ठेवला. रागाने नाही, तिच्या पेशंटची वेळ झाली होती. मी मात्र काचेबाहेर बघत तसाच बसून राहिलो. एक कंपनीची बस हळूहळू पुढून गेली. खिडक्यांना टेकून झोपलेली माणसं, एकामागून एक चेहरे. धुळीत ती बस कधी नाहीशी झाली ते कळलंही नाही.

मी मूळचा मिरजेचा. पंचविशीत इथे आलो आणि आता पन्नाशीला पोचलो. या देशाने मला काम दिलं, घर दिलं, मुलीचं शिक्षण दिलं. कुणी कधी वाकडं बोललं नाही. तक्रार करायला मला जागा नाही आणि मी ती करतही नाही. पण इतकी वर्षं राहून अंगाला एक सवय लागली होती, जी मला तोवर दिसलीच नव्हती. पाहुणे म्हणून गेलेल्या घरी आपण खुर्ची ओढून खिडकीपाशी नेत नाही. जिथे ठेवली असेल तिथेच बसतो. मी तसाच बसलो होतो. आमच्या ऑफिसात एक इमाराती, म्हणजे मूळची इथलीच, बाई आहे. त्यांच्या कौन्सिलची निवडणूक झाली, ती मत देऊन आली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी अभिनंदन म्हणून तिला "मबरूक, मबरूक" म्हटलं आणि तिने आणलेले खजूर खाल्ले. दुसऱ्याच्या घरच्या लग्नात जेवून यावं तसं. आत कुठेही काही हललं नाही.

मिरजेतही माझं मत राहिलं नव्हतं. तरुणपणी एकदा दिलं, तेवढंच. पुढे यादी तपासायला कुणी घरी आलं, मुलगा कुठे असतो म्हणून विचारलं, आणि आईने खरं ते सांगून टाकलं. "दुबईला असतो हो, तिकडेच राहतो." नाव गेलं. आईने हे मला फोनवर सहज सांगितलं होतं, बागेतला पेरू काढून टाकल्याचं सांगितलं त्याच दमात. मलाही पेरूचंच जास्त वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी घरी पोचलो. आम्ही डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो. बुटक्या बिल्डिंगांच्या रांगा, मधून वळत जाणाऱ्या पायवाटा, बोगनवेल, आणि सगळ्यांच्या मालकीची मांजरं. बायको दारातच म्हणाली, "काय बोललास तू तिला?"

"तुला फोन आला होता?"

"आला होता. एवढी खुशीत सांगत होती, आणि तू व्हिसा काढलास मध्ये."

"मग काय काढू? तुला नाही भीती वाटत?"

"वाटते," ती म्हणाली. "पण ती भीती आपली आहे. तिला कशाला देतोस?"

आत खाला बसल्या होत्या. खाला म्हणजे आमच्या समोरच्या दारच्या शेजारीण. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावच्या, साठी ओलांडलेल्या. त्यांचा मुलगा जबल अलीच्या बंदरात क्रेनवर आहे. आमची मुलगी लहान असताना दुपारी शाळेतून आली की खालांकडेच असायची. त्यांनी वाफवलेली सांदणं आणली होती, नारळाच्या रसाबरोबर. मी हातपाय धुऊन आलो तर ताटली माझ्यासमोर सरकवून म्हणाल्या, "काय रे, पोरीला मत देऊ नको म्हणालास?"

"खाला, परक्या मुलखात कशाला नसत्या गोष्टी?"

"परका मुलूख," त्या म्हणाल्या आणि ओढणीचं टोक सारखं करत बसल्या. मग म्हणाल्या, "मी माझ्या गावची कुठली रे?"

"म्हणजे? रत्नागिरीच्याच ना तुम्ही?"

"ते आता. माहेर माझं रायगडात. खाडीपल्याड, तिकडं लांब. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या गावात विहिरीची वाट म्हायत नव्हती. माझी बोली ऐकून बायका हसायच्या. नवरा महिन्याभरात जहाजावर गेला. मी आपली खिडकीत. वर्षभराने इलेक्शन आलं. पंचायतीचं. सासू म्हणाली, चल. मी म्हटलं, मला कोण म्हायत हाय इथे, मी काय देऊ? ती म्हणाली, तू इथलं पाणी पितेस ना, मग चल."

"मग?"

"मग गेले. नवी साडी नेसून गेले. बोटाला शाई लावून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाऊन सांगितलं, ही पायरी मोडलीय, कोण नीट करणार? त्याच्या आधी वर्षभर त्याच पायरीवरून घसरत होते. बोलले नव्हते."

बायको हसली. मी सांदण खात राहिलो. खाला माझ्याकडे बघत होत्या.

"नांदायला आलेल्या बाईला कोण विचारतं का, तुझा जन्म कुठला? नाव लागलं की झाली ती गावची. तुझी पोर तिथे नांदतेय. एवढंच हाय."

माझ्या बायकोकडे मी पाहिलं. तिचं माहेर बार्शीचं. लग्नानंतर तिचं नावही असंच बार्शीहून मिरजेला आलं होतं, आणि ते कसं आलं, तिला काय वाटलं, मी कधी विचारलेलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. खिडकीबाहेर आकाश जांभळट झालं होतं आणि मशिदीतून मगरिबची अजान येत होती. खाला उठल्या. "इन्शाल्ला, चांगलं होईल," एवढं म्हणून समोरच्या दारात शिरल्या.

मी मुलीला फोन लावला. सॉरी वगैरे म्हणालो नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. मी विचारलं, "ती बाई काय म्हणत होती गं? मत मागताना?"

तिने लगेच सांगायला सुरुवात केली. बाई पन्नाशीची, पूर्वी शाळेत शिकवायची. पावसात भिजून आली होती. आल्या आल्या तिने विचारलं, तुमच्या गल्लीत काय कमी आहे? मैत्रिणींनी पार्किंग वगैरे सांगितलं.

"नोबडी एव्हर आस्क्ड मी दॅट, बाबा. आय वेंट ब्लँक."

"मग?"

"मग ती जायला निघाली, आणि मी एकदम म्हटलं, बसस्टॉपवर दिवा नाहीये. हॉस्पिटलच्या बाहेरच्या. हिवाळ्यात इथे दुपार संपायच्या आत काळोख होतो, आणि माझे पेशंट, ते म्हातारे लोक, काठी घेऊन तिथे उभे असतात. ती म्हणाली, ओके, लक्षात ठेवते. बस्स. मग गेली."

"आणि तू तिला मत देणार?"

"पहिलं तिला. नंबर द्यायचे असतात इथे, वन, टू, थ्री, जितके आवडतील तितके."

हे मला फार आवडलं. एका माणसाला निवडलं म्हणून बाकीच्यांवर काट मारायची नाही. आवडीच्या क्रमाने सगळ्यांना आकडे द्यायचे. त्या रात्री जेवताना मी बायकोला हे दोनदा सांगितलं.

मतदानाचा दिवस शुक्रवार होता. आमच्या ऑफिसला शुक्रवारी अर्धा दिवस. जेवून मी सोफ्यावर आडवा झालो आणि फोन छातीवर ठेवला. तिकडे सकाळ सरत आली होती. ती ड्यूटीच्या आधी मत द्यायला निघाली होती आणि चालता चालता आमच्याशी बोलत होती. बायको माझ्या पायाशी बसून ऐकत होती. पडदे ओढलेले, बाहेर ऊन असं की खिडकीची काच हाताला भाजावी. आणि फोनमधून थंड रस्त्यावरची तिची पावलं, सीगल पक्ष्यांचं ओरडणं, ओल्या झाडांची सळसळ.

"आता पूल आला," ती सांगत होती. "खांबांवर सगळ्यांचे फोटो लावलेत. माझ्या बाईचा फोटो पावसाने वाकडा झालाय. आता शाळा दिसतेय, तिथेच आहे. ओके, फोन आत चालत नाही. बाय. आई, बाय."

"आयडी घेतलंस ना?" बायकोने घाईने विचारलं, पण आवाज गेला होता.

घरात एसीची घरघर तेवढी राहिली. बायको तिथेच उशीला टेकली. माझा डोळा लागला.

मला स्वप्न पडलं ते आमच्याच कोपऱ्यावरच्या लाँड्रीचं. इस्त्रीची टेबलं बाजूला सरकवून मतदानाची खोली केली होती. वाफेचा वास तसाच होता. रांगेत सगळे होते. किराणावाला केरळी चेट्टन, औषधाच्या दुकानातली इजिप्शियन बाई, खालच्या मजल्यावरची फिलिपिनो नर्स, गेटवरचा नेपाळी वॉचमन, रोज मेट्रोपाशी उभा असणारा पेशावरचा टॅक्सीवाला. सगळ्यांनी नुकतेच इस्त्री केलेले कपडे घातले होते आणि कुणालाच घाई नव्हती. खाला नव्या साडीत होत्या. कुणी कुणाला विचारत नव्हतं, तू कुठला. माझी पाळी आली, हातात पेन्सिल आली. कागदावर माणसांची नावं नव्हतीच. सावली, असं लिहिलं होतं. त्याखाली बाक. त्याखाली पाणपोई, चिमण्या, रुंद पदपथ, आणि असंच बरंच काही. मला त्यांना आकडे द्यायचे होते. मी एक लिहायला पेन्सिल टेकवली, आणि कुठे लिहावं ते कळेना. मागची रांग शांतपणे थांबून होती. वाफ वर जात होती. मला इतकं बरं वाटत होतं की संपूच नये.

फोन छातीवर थरथरला.

"झालं!" ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "बाबा, पेन्सिल होती, सुतळीने बांधलेली. आणि टेबलावरच्या आजोबांनी माझं आडनाव बरोबर म्हणायचा प्रयत्न केला. तीनदा. तिसऱ्यांदा जवळजवळ जमलं."

"आणि?"

"आणि काय, नंबर लिहिले, पेटीत टाकलं. मग पेटीलाच थँक यू म्हणाले. सिली, ना?"

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "सिली काय त्यात," ती म्हणाली. "बोटाला शाई लावली का गं?"

"इथे शाई नाही लावत, आई."

"असं होय," बायको म्हणाली. तेवढ्याचं तिला वाईट वाटलं.

ती बाई हरली. तिथली मोजणी संथ असते. एकेक उमेदवार गळतो, त्याची मतं पुढच्या आकड्याच्या माणसाकडे जातात, असं दोन दिवस चाललं. मुलगी आम्हाला तासातासाला कळवत होती. खाला दारातून डोकावून विचारत, "आपली बाई कुठवर आली?" बाई शेवटच्या फेरीपर्यंत आली आणि थोडक्यात गेली. खालांनी हात झटकला, "खलास." आमच्याकडे त्या संध्याकाळी आपलंच कुणी हरल्यासारखं वाटत होतं. ज्या गावात आम्ही पाय ठेवला नव्हता तिथल्या कौन्सिलसाठी मी आणि बायको गंभीर होऊन बसलो होतो.

पुढच्या रविवारी आम्ही मुलीशी व्हिडिओवर बोलत होतो तेव्हा तिच्याकडे दारावर टकटक झाली. ती उठून गेली, आणि परत आली ती हसतच, मागून एक उंच, पिकल्या केसांची बाई. हरल्यावरही ती घरोघर आभार मानत फिरत होती. मुलीने फोन तिच्यासमोर धरला. "माय पेरंट्स. इन दुबई."

बाई वाकून पडद्यात बघू लागली. गालावर पावसाचे थेंब होते. मुलगी छान आहे तुमची, म्हणाली. बसस्टॉपच्या दिव्याचं मी निवडून आलेल्या माणसाला सांगितलंय, त्याच्या मागे लागणार आहे, असंही म्हणाली. मग तिने सहज, हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं, की तुमच्याकडे असं काही काम असलं तर तुम्ही कुणाकडे जाता?

आमच्याकडे मेंटेनन्सचा नंबर आहे, ॲप आहे, नळ गळला तर माणूस त्याच दिवशी येतो. पण ती ते विचारत नव्हती. बायको माझ्याकडे बघत होती.

"शेजारणीकडे," मी म्हटलं.

बाईला ते फार आवडलं. ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, मग तिलाच उभी करा. आम्ही हे खालांना सांगितलं तर त्या लाजल्या. "माज्यासमोर कोण उभा राहणार?" म्हणाल्या.

दिवा त्या वर्षी लागला नाही. मुलगी अधूनमधून कौन्सिलला फोन करते, ती बाईही करते. दोघी एकदा त्या स्टॉपवर भेटून टॉर्च घेऊन उभ्या राहिल्या म्हणे, म्हाताऱ्यांना बसमध्ये चढवायला.

डिसेंबरात मुलगी सुट्टीवर आली. इथल्या हिवाळ्यात कधी कधी पहाटे धुकं उतरतं. बिल्डिंगा पायापासून नाहीशा होतात, वरचे मजले तेवढे तरंगत राहतात, आणि कुठूनतरी लांबून मेट्रोचा आवाज येतो, गाडी दिसत नाही. अशा एका सकाळी आम्ही तिघं चालायला निघालो होतो. तिने माझ्या हातात हात अडकवला होता, लहानपणी अडकवायची तसा.

"बाबा, आपल्या दारात कुणी आलं असतं तर तू काय मागितलं असतंस?"

"इथे कोण येणार?"

"आलं असतं तर."

रोज ज्या वाटेने स्टेशनला जातो ती वाट धुक्यात अर्धीच दिसत होती. चोवीस-पंचवीस वर्षांत या शहराकडे मी काय काय मागितलं होतं? पगारवाढ कंपनीकडे, व्हिसा ऑफिसकडे. शहराकडे काही नाही. ते आधीच सगळं तयार करून ठेवल्यासारखं होतं आणि मी त्यातून जपून चालत आलो होतो.

"सावली," मी म्हटलं. "या वळणापासून स्टेशनपर्यंत. उन्हाळ्यात जीव जातो इथे. दोन्ही बाजूंना झाडं हवीत."

बोलल्यावर मी जरा दचकलोच. स्वतःचा आवाज धुक्यात मोठा वाटला. मुलीने हात जरा घट्ट धरला.

"कुठली झाडं?" बायकोने मागून विचारलं.

"गुलमोहर."

"गुलमोहर काय! सगळा कचरा. कडुनिंब लाव."

"कडुनिंबाचा नाही होत कचरा?"

"होतो, पण सावली बघ त्याची. आणि हवा."

"यल्ला, मेक इट अल्टरनेट," मुलगी म्हणाली. "एक हे, एक ते."

"तसं बरं नाही दिसत," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

ती खदखदून हसली. आम्ही मात्र थांबलो नाही. वळणाशी कुठलं झाड, स्टेशनच्या दाराशी कुठलं, बाक मध्ये घालायचे की कडेला, मुळांनी फरशी उखडेल का, यावर आमचं चालतच राहिलं. समोरून त्या पायवाटेवर माणसं धुक्यातून येत होती, स्टेशनकडे जाणारी, टिफिन हातात धरलेली, आणि आम्ही त्यांना वाट देत, हातांनी झाडांच्या जागा दाखवत, भांडत पुढे चाललो होतो. बायको एका जागी उभी राहिली, टाचेने जमिनीवर रेघ ओढली आणि म्हणाली, "इथे. पहिला कडुनिंब इथे."